दहाच्या आत घरात

आइसलँडमधल्या कितीतरी घरांत फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवलेलं एक कार्ड दिसतं. त्यावर लिहिलेलं असतं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी रात्री दहानंतर, सोबत मोठं माणूस नसताना, बाहेर राहायचं नाही. मे ते ऑगस्ट या उन्हाळ्याच्या महिन्यांत दोन तासांची सवलत. ही नुसती घरातली शिस्त नाही, देशाच्या बालसंरक्षण कायद्यातलं हे कलम आहे. आपल्याकडे ‘दिवेलागणीच्या आत घरी ये’ असं सांगतात, पण तिथे ते सांगून भागणार नाही. जूनमध्ये रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीन वाजता पुन्हा वर येतो. डिसेंबरात तो अकरानंतर उगवतो आणि दुपारी साडेतीनला जातो. मग घड्याळाचा काटाच धरावा लागतो.

आपल्याकडे ‘सातच्या आत घरात’ हे बहुतेक वेळा मुलींनाच ऐकवलं गेलं. आइसलँडचं कार्ड मुलगा-मुलगी पाहत नाही. आणि त्या कलमात एक अपवाद आहे, तो मला मूळ नियमाहून जास्त बोलका वाटतो. शाळेच्या कार्यक्रमाहून, खेळाच्या सरावाहून किंवा युवा केंद्रातून घरी परतणाऱ्या मोठ्या मुलांना ही वेळ लागू नाही. रस्त्यावर उगाच रेंगाळायला बंदी, पण कशात तरी रमायला मोकळीक. या देशाने पुढे जे काही केलं त्याचा नकाशा या एका कलमात सापडतो.

आधी आकडे सांगतो, कारण ते पहिल्यांदा वाचले तेव्हा छापण्यात चूक झाली असावी असं मला वाटलं होतं. 1998 मध्ये आइसलँडमधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या, म्हणजे तिथल्या दहावीतल्या मुलांना विचारलं गेलं, गेल्या महिनाभरात तुम्ही कधी दारू पिऊन झिंगला होता का? 42 टक्के मुलांनी होय म्हटलं. 2016 मध्ये हाच प्रश्न विचारला तेव्हा होय म्हणणारी मुलं 5 टक्के होती. रोज सिगारेट ओढणारी 23 टक्के होती, ती 3 टक्क्यांवर आली. गांजा कधी ना कधी ओढून पाहिलेली 17 टक्के होती, ती 7 टक्के झाली. अठरा वर्षांत, म्हणजे एक मूल जन्मून सज्ञान होईपर्यंतच्या काळात, एका अख्ख्या देशातल्या मुलांची सवय बदलली.

हा देश सुरुवातीपासून दारूपासून अलिप्त होता, असंही नाही. तिथे 1908 मध्ये लोकांनी मतदान करून दारूबंदी आणली, ती 1915 पासून लागू झाली. पण स्पेनला आइसलँडचे मासे हवेत तर आइसलँडने स्पेनची वाइन घ्यावी, असा व्यापारी पेच आला आणि 1922 मध्ये वाइन सुटली. 1935 मध्ये कडक दारूही सुटली. बिअर मात्र 1 मार्च 1989 पर्यंत बंद होती. बंदी, सूट, अर्धी बंदी असे सगळे प्रयोग करून झालेला हा समाज होता. तरीही नव्वदच्या दशकात शुक्रवारी रात्री रेक्याविकच्या मध्यवस्तीत झिंगलेल्या मुलामुलींचे घोळके फिरत, आणि साध्या माणसाला तिथून जायची भीती वाटे.

या गोष्टीचा एक धागा अमेरिकेतून येतो. हार्वे मिल्कमन नावाचे मानसशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात शिकत होते. त्यांच्यापुढे व्यसनी माणसं येत, आणि त्यांना प्रश्न पडे की एकाला हेरॉइनच का हवंसं वाटतं आणि दुसऱ्याला अँफेटामिनच का? त्यांना असं दिसलं की माणूस ताणाला जसा सामोरा जातो तसा त्याचा पदार्थ ठरतो. ज्याला सगळ्यापासून सुटका हवी असते, बधिर व्हायचं असतं, तो हेरॉइनकडे वळतो. ज्याला अंगावर धावून जायचं असतं तो उत्तेजक द्रव्याकडे. यातूनच त्यांचा पुढचा विचार निघाला. माणसाला चटक लागते ती मेंदूत होणाऱ्या बदलाची, आणि पदार्थ हे तो बदल घडवण्याचं एक साधन. तसं असेल, तर तोच बदल नाचून, गाऊन, पोहून, चेंडूमागे धावून, सगळ्यांसमोर रंगमंचावर उभं राहून का घडवू नये?

कुमारवयात तर या विचाराला आणखी धार येते. त्या वयात मेंदूतली सुखाची, बक्षिसाची यंत्रणा अतिशय जागी झालेली असते. नवी गोष्ट, धोका, बरोबरीच्या मुलांची शाबासकी, यांनी ती चटकन उजळते. आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला थरार हवा असतो, यात त्याचं काहीच चुकत नाही. त्याच्या शरीराची ती रास्त मागणी आहे. ती पुरवणार कोण, एवढाच प्रश्न उरतो. गावाने नाही पुरवली तर बाटली पुरवते.

मिल्कमन यांनी 1992 मध्ये डेनव्हरला, सरकारी मदतीतून, एक प्रकल्प सुरू केला. व्यसनाच्या वाटेला लागलेल्या चौदा वर्षांपुढच्या मुलांना त्यात घेत, पण ‘तुमच्यावर उपचार करतो’ असं म्हणत नसत. तुम्हाला काय शिकायचंय ते सांगा, आम्ही शिकवू, असं म्हणत. संगीत, नृत्य, चित्रकला, मार्शल आर्ट. जोडीला स्वतःकडे आणि इतरांकडे बघायला शिकवणारे धडे. तीन महिन्यांसाठी आलेली काही मुलं पाच वर्षं तिथे टिकली.

याच सुमारास, 1991 मध्ये, त्यांना आइसलँडहून बोलावणं आलं होतं. तिथे त्यांचा विचार ऐकणाऱ्यांत विद्यापीठात संशोधन साहाय्यक असलेल्या इंगा डोरा सिगफुसदोत्तिर होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विचाराला एक पाऊल पुढे नेलं. ज्यांना व्यसन लागलंय त्यांना पर्याय देण्यापेक्षा, ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही त्या सगळ्या मुलांसाठी असं काही केलं तर?

त्यासाठी त्यांनी आधी विचारायचं ठरवलं. 1992 मध्ये देशभरातल्या शाळांत चौदा, पंधरा आणि सोळा वर्षांच्या मुलांना प्रश्नावली दिली गेली. कधी दारू प्यायलीस का? झिंगलास का? सिगारेट ओढतोस का? आणि त्याच कागदावर, वरवर पाहता याच्याशी संबंध नसलेले प्रश्न. आईबाबांबरोबर किती वेळ असतोस? रात्री कुठे आहेस हे त्यांना ठाऊक असतं का? आठवड्यातून किती वेळा खेळायला जातोस? शाळेत कुणाला तुझी काळजी वाटते असं तुला वाटतं का? कागदावर नाव नाही. भरून झालं की मुलाने तो स्वतःच्या हाताने पाकिटात घालून बंद करायचा. शिक्षकांनासुद्धा तो पाहायला मिळत नाही. 1995 आणि 1997 मध्ये पुन्हा विचारलं, आणि पुढे तो शिरस्ताच झाला.

उत्तरांतून जे वर आलं ते इतकं साधं होतं की त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. दारू-सिगारेटपासून दूर राहिलेल्या मुलांच्या आयुष्यात चार गोष्टी ठळक दिसत होत्या. आठवड्यातून तीन-चार वेळा कुठल्यातरी रीतसर चालणाऱ्या उपक्रमात, विशेषतः खेळात, सहभाग. आठवड्याभरात आईवडिलांसोबत गेलेला एकूण वेळ. शाळेत आपली कुणाला तरी पर्वा आहे ही जाणीव. आणि रात्री उशिरा बाहेर नसणं. या चारांपैकी एकातही दारूचा उल्लेख नाही, हे जरा थांबून पाहा.

दुसऱ्या मुद्द्यातला ‘एकूण’ हा शब्द फार महत्त्वाचा निघाला. आपण थकलेले पालक स्वतःची समजूत घालतो की वेळ कमी असला तरी चालेल, तो चांगला गेला पाहिजे. महिन्यातून एकदा छानशी सहल काढू. आइसलँडच्या मुलांच्या उत्तरांत या समजुतीला आधार मिळाला नाही. कामाची ती साधी, रोजची, विनाकारण सोबत. एकत्र जेवणं, एका खोलीत आपापलं काही करत बसणं, गाडीतून कुठे जाताना अर्धवट बोलणं. घरात कुणीतरी आहे, एवढंच मुलाला कळत राहणं.

याहून चकित करणारी गोष्ट शेजारधर्माची आहे. समाजशास्त्रज्ञ थोरोल्फुर थोर्लिंदसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या उत्तरांतून हे तपासलं की तुमच्या आईवडिलांची तुमच्या मित्रांच्या आईवडिलांशी ओळख आहे का. ज्या मुलांच्या घरी अशी ओळख होती त्यांना फायदा होणं समजू शकतं. पण ज्या शाळेत एकंदरीतच पालक एकमेकांना ओळखतात, त्या शाळेतलं वातावरणच मुलांना धरून ठेवतं, असं दिसलं. म्हणजे संरक्षण घराघरात वाटून ठेवलेलं नसतं. ते गावात साठतं, पाणलोटात पाणी साठावं तसं, आणि ज्याच्या शेतात विहीर नाही त्यालाही त्याचा ओलावा मिळतो. चाळीत, वाड्यात, गावात वाढलेल्या मराठी माणसाला हे पुराव्याशिवायही माहीत असेल. सगळ्या गल्लीचं आपल्याकडे लक्ष असायचं. आइसलँडच्या लोकांनी ते मोजून दाखवलं.

मग बदल सुरू झाले, आणि ते मुलांत करायचे नसून मोठ्यांत करायचे होते. 1997 मध्ये ‘अमली पदार्थमुक्त आइसलँड’ अशी मोहीम सरकार आणि रेक्याविक शहर यांनी मिळून हाती घेतली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय सोळावरून अठरावर नेलं. दोन वर्षं आणखी, मूल आईबापांची जबाबदारी राहिलं. तंबाखू अठरापर्यंत आणि दारू विसापर्यंत विकत घेता येत नाही. दोन्हींच्या जाहिरातींना बंदी.

शाळाशाळांत पालकसंघ बळकट केले गेले. ‘घर आणि शाळा’ अशा अर्थाचं नाव असलेली पालकसंघांची एक देशव्यापी संस्था आहे, तिने पालक-करार ही पद्धत पसरवली. एका वर्गातले पालक एकत्र बसतात आणि आपसात ठरवून सही करतात की मोठं माणूस हजर नसलेल्या पार्टीला आपण मुलांना पाठवणार नाही, अल्पवयीन मुलांसाठी दारू विकत घेणार नाही, दुसऱ्याच्या मुलावरही नजर ठेवू. या करारातली किमया मुलांशी होणाऱ्या वादात कळते. ‘सगळ्यांना परवानगी आहे, फक्त मलाच नाही’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक आईने ऐकलंय. सगळ्यांच्या आईवडिलांनी सही केली असली की त्या वाक्याचं बळ जातं, आणि एकटी पडलेली आई एकटी राहत नाही.

शुक्रवारी रात्री काही पालक चमकदार जाकिटं घालून वस्तीतून पायी फेरी मारू लागले. ही पोलिसांची गस्त नव्हे. ते मुलांना पकडत नाहीत, थांबून बोलतात, कुणी एकटं, भेदरलेलं दिसलं तर घरी पोचवतात. फेरीत चार वेळा एकत्र चाललेल्या पालकांची आपसात मैत्री होते, ती वेगळीच.

आणि मग पैसा. इथे मला हा देश खरा मनापासून आवडतो, कारण त्याने उपदेश स्वस्तात उरकला नाही. आइसलँडचा हिवाळा असा की मैदानात खेळणं अशक्य. म्हणून 2000 पासून गावोगावच्या नगरपालिकांनी छताखालची पूर्ण आकाराची फुटबॉल मैदानं बांधायला घेतली. पहिलं केफ्लाविकला झालं. जमिनीतल्या उष्णतेवर तापवलेले पोहण्याचे तलाव जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. शाळांमध्ये पोहणं सक्तीचं आहे. नृत्य, संगीत, नाटक यांचे वर्ग, शहराने चालवलेली युवा केंद्रं. रेक्याविकच्या शाळांमध्ये 1990 पासून ‘स्क्रेक्कूर’ नावाची स्पर्धा होते. मुलं स्वतः लिहून, बसवून रंगमंचावर काहीतरी सादर करतात. आपल्या आंतरशालेय एकांकिकांची ज्यांना आठवण आहे त्यांना त्या आठवड्यातली धडधड सांगायला नको. मिल्कमन म्हणतात तो मेंदूतला बदल तोच.

फी कुणी भरायची? रेक्याविकने 2007 पासून प्रत्येक मुलासाठी फुरसतीचं कार्ड काढलं. 2016 च्या सुमारास त्यात वर्षाला 35,000 क्रोना मिळत. पैसे पालकांच्या हातात न पडता थेट मुलाने निवडलेल्या खेळाच्या किंवा कलेच्या वर्गाच्या फीतून वजा होतात. त्यामुळे नुकत्याच देशात आलेल्या, बेताच्या मिळकतीच्या घरातल्या मुलीलाही व्हायोलिन किंवा हँडबॉल निवडता येतं. शिकवणारे प्रशिक्षक शिकलेले, पगारी असतात, अगदी लहान मुलांच्या संघांनाही. 27 जून 2016 ला युरो स्पर्धेत या चिमुकल्या देशाने इंग्लंडला 2-1 हरवलं तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं. तो विजय काही व्यसनमुक्तीसाठी आखलेला नव्हता. पण प्रत्येक पोराला चेंडू आणि छप्पर दिलं की त्यातून काय निघेल ते आधी कोण सांगणार?

1997 ते 2012 या काळात दहावीतल्या मुलांपैकी ‘आठवड्याच्या कामाच्या दिवशी आईबाबांबरोबर नेहमी किंवा बहुतेक वेळा असतो’ म्हणणारी 23 टक्क्यांवरून 46 टक्के झाली. आठवड्यातून किमान चार वेळा संघटित खेळात जाणारी 24 वरून 42 टक्के झाली. दारूचा आलेख घसरत होता, आणि त्याच वर्षांत हे दोन आलेख चढत होते.

याच्या शेजारी अमेरिकेतला एक प्रयत्न ठेवून पाहावासा वाटतो. 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगत, नाही म्हणायला शिकवत. तो देशभर पसरला, प्रचंड लोकप्रिय झाला, त्यामागची तळमळही खरी होती. पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. मुलांना माहिती होतीच. अडचण संध्याकाळी सातला, कंटाळलेलं असताना, मित्र बोलवायला आल्यावर सुरू होते, आणि तेव्हा वर्गातला तक्ता जवळ नसतो.

आइसलँडच्या पद्धतीचं इंजिन म्हणाल तर माझ्या मते ती प्रश्नावलीच. तिचे निष्कर्ष अहवालात पुरले जात नाहीत. काही आठवड्यांत ते त्या-त्या नगरपालिकेला, त्या-त्या शाळेला परत मिळतात. ‘राष्ट्रात इतके टक्के’ हे वाचून कुणी खुर्चीतून उठत नाही. ‘आपल्या शाळेतल्या दहावीत इतके टक्के, आणि शेजारच्या वस्तीत त्याच्या निम्मे’ हे पालकसभेत ऐकलं की सगळेच उठतात. कुठे खेळात मुलींची गळती दिसते, कुठे रात्री बाहेर राहणं वाढलेलं दिसतं. मग तिथले मुख्याध्यापक, प्रशिक्षक, नगरसेवक आणि पालक बसून त्यावर काम करतात, आणि पुढच्या खेपेला मुलंच सांगतात की उपयोग झाला की नाही. पोरांनी दिलेल्या उत्तरांनी मोठ्यांची परीक्षा होते.

शंका घेणारे आहेत, आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. कुमारवयीन मुलांचं पिणं याच काळात युरोपातल्या इतरही अनेक देशांत कमी झालं. मग आइसलँडचं श्रेय किती? एका देशाच्या दोन प्रती करून एकीत बदल करायचे आणि दुसरी तशीच ठेवायची, असा प्रयोग करता येत नाही. देश छोटा, श्रीमंत, महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश आकाराचा, आणि त्यातले दोन-तृतीयांश लोक राजधानीच्या परिसरात. पण युरोपभरच्या शाळकरी मुलांच्या 2015 च्या पाहणीत गेल्या महिनाभरात दारू घेतलेल्यांची सरासरी निम्म्याच्या जवळपास असताना आइसलँडचा आकडा 9 टक्के होता. आणि याच वर्षांत तिथल्या मोठ्यांचं पिणं वाढत गेलं. मोठे जास्त प्यायला लागले की पोरंही पितात, या सर्वमान्य समजुतीच्या उलट ही मुलं गेली. वाऱ्याचा काही हात असेल, पण वल्ही कुणीतरी मारली होती, एवढं मला त्यातून दिसतं.

2006 पासून हीच पद्धत इतर युरोपीय शहरांत जाऊ लागली. लिथुआनियातली विल्नियस, कौनास आणि क्लाइपेदा ही शहरं त्यात लवकर आली. पुढे पश्चिम आयर्लंडमधले गॉलवे, मेयो, रॉसकॉमन हे परगणे, चिलीमधल्या नगरपालिका, अमेरिकेतला केंटकीचा एक परगणा. प्रत्येक ठिकाणी छताखालचं मैदान बांधायची ऐपत नाही, आणि रात्रीच्या वेळेचा कायदा करणं कित्येक देशांत कुणाला रुचणारही नाही. म्हणून प्रवास करते ती मुख्यतः प्रश्नावली, आणि उत्तरं आली की आपल्या गावापुरतं काय करायचं ते तिथल्या लोकांनी ठरवायची रीत. एखाद्या ठिकाणी उत्तर बसची शेवटची फेरी उशिरापर्यंत चालवणं हेही असू शकतं, म्हणजे सरावाला आलेलं पोर घरी पोचेल.

आइसलँडमध्येही काम संपलेलं नाही. सिगारेट गेली आणि काही वर्षांतच त्याच प्रश्नावलीत वाफेची ई-सिगारेट दिसू लागली. तिच्यापाठोपाठ ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पांढऱ्या पुड्या आल्या, फळांच्या चवीच्या, धूर नाही, वास नाही, आईला कळायचा मार्ग नाही. 2022 मध्ये संसदेने त्यांनाही कायद्याखाली आणून अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. शाळाशाळांच्या पालकसभांत आता या पुड्यांचे आकडे मांडले जातात, वर्गावर्गाचे, मुलगे आणि मुली वेगवेगळे.